ज्याची मशीन त्यानं तार धरावी

रानडुकरानं भीमसिंगची मांडी फाडली तेव्हा सोयाबीन शेंगांत भरून आलं होतं आन दिवस अजून मावळला नव्हता. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, चालता चालता त्याला समोरचं पिकाचं तास हललेलं दिसलं. वाटलं, कुणाचं वासरू शिरलं. "हो हो" करत तो आत गेला आन एक काळं धूड त्याच्या अंगावर आलं. सुळा गुडघ्याच्या वर शिरला आन पोत्याची शिवण उसवावी तसा जांघेपर्यंत उसवत गेला. दुसरा कुणी तिथंच उताणा पडून बोंबलला असता. भीमसिंगनं डुकराचा कान मुठीत धरला आन हातातला विळा त्याच्या मानेत घातला. उपसला, परत घातला. मग विळा हाडात अडकला. डुक्कर विळा घेऊनच पळालं. दुसऱ्या दिवशी ते ओढ्यात मेलेलं सापडलं, पण त्याच्या पायी दीड एकर सोयाबीन नांगरल्यासारखं झालं होतं.

भीमसिंग रुमालानं मांडी आवळून धुऱ्यावर बसला. पहिली शिवी त्यानं डुकराला दिली न्हाई, स्वतःला दिली. "ट्रकावाल्याच्या देवाला दिवे नाचवून देतू, आन सोताच्या शेताला एक मशीन करता आली न्हाई तुला, हरामखोरा."

भीमसिंग राठोड वारंगा फाट्याच्या वरल्या माळावरच्या कुरणतांड्याचा. थोडी बरड जमीन, आन फाट्यावर ट्रकांच्या वायरिंगचं काम. त्याचे हात घमेल्यासारखे मोठे. त्या हातांचा धाक सगळ्या फाट्याला. एकदा एका ड्रायव्हरनं त्याला, "ए लमाण्या, हिकडं ये," अशी हाक मारली. भीमसिंग गेला. जाताना टायर खोलायची टॉमी घेऊन गेला. त्या ड्रायव्हरचा जबडा पुढं कधी नीट बसला न्हाई म्हणतात. पोलिसांनी भीमसिंगला पट्ट्यानं फोडला, तर हा कण्हायचं सोडून चौकीतली बंद पडलेली बेल न्याहाळत होता, वायर कुठं तुटली असंल म्हणून.

मारणं त्याला घरातूनच मिळालं होतं. लहान होता तेव्हा त्यानं तांड्याच्या नायकाचा रेडिओ खोलला. आत माणूस न्हाई, आवाज येतो कुठून, एवढंच त्याला पाहायचं होतं. बापानं तो रेडिओ कुऱ्हाडीच्या बोथट तुंब्यानं फोडला आन मग त्याच कुऱ्हाडीचा दांडा पोरावर चालवला. थोरली बहीण मीराबाई त्याच्यावर पालथी पडली. बाप दमेपर्यंत दांडा तिच्या पाठीवर पडला. ती रडली न्हाई. बाप निघून गेल्यावर खाली दबलेल्या भावाला तिनं विचारलं, "मंग, भिया? दिसला का माणूस?"

मीराबाईची पाठ तेव्हापासून एका अंगाला ओढलेली राहिली. नवरा मेल्यावर ती तांड्यावरच परत आली आन खालच्या सावळी गावच्या शिवशंकरच्या शेतात सालानं कामाला राहिली. भीमसिंग जगात कुणाचं ऐकायचा तर तिचं. बायको रूपाबाई म्हणायची, "मला मारायला हात उचलतू, आन बाई नुसती खोकली तरी खाली ठिवतू."

चिपचं वेड त्याला हिंगोली जिल्हा वेगळा झाला त्याच्या आसपास लागलं. फाट्यावर दिपक नावाच्या पोरानं काम्प्युटरचा क्लास काढला होता. त्याच्या मशिनीचा पंखा भीमसिंगनं दुरुस्त करून दिला आन बदल्यात तिथं बसायची मुभा घेतली. नांदेडच्या एका दुकानातून त्यानं चाळीस पायांची काळी चिप आणली. तांड्यावर सगळे तिला गोम म्हणायचे. दिसायला गोमच. भीमसिंगचं म्हणणं होतं, ही गोम निर्बुद्ध आहे, पण सांगाल तेवढं करते आन दमत न्हाई. माणसात असला एक गुण मिळाला तरी पुष्कळ.

पहिल्यांदा त्यानं एक दिवा लावला आन विझवला. बस, तेवढंच. तेवढ्यासाठी त्यानं दिपकच्या काम्प्युटरवर एका बोटानं आकडे बडवले, घरी केलेल्या पाटीवर गोम बसवून तिच्यात ते आकडे भरले, ती जाळली, दुसरी आणली. सोल्डरची तापलेली कांडी रागानं भिंतीवर फेकली, ती उडून स्वतःच्याच गालाला चिकटली. तो डाग मरेपर्यंत राहील. पण दिवा ज्या दिवशी लागला-विझला-लागला त्या दिवशी हा राक्षस दिपकच्या टेबलापाशी कमरेवर हात ठेवून लेकरासारखा हसत उभा होता.

मग ट्रकांतल्या देवांच्या फोटोंभोवती पळते दिवे केले. मग मांडी फाटली. मग झटका मशीन.

शेताभोवती तार लावायची आन तारेत झटका सोडायचा, यात नवीन काही नव्हतं. पुष्कळ जण लाईनीचा करंटच डायरेक्ट तारेत सोडायचे. त्यानं डुकरं मरायची, बैल मरायचे, माणसंही मरायची. भीमसिंगला ते किळसवाणं वाटायचं. "ते मशीन न्हवं, फास हाय," म्हणायचा. त्याच्या मशिनीत ट्रॅक्टरची बॅटरी होती, जुन्या मोटारसायकलीची कॉईल होती आन वर गोम. गोमेला सांगून ठेवलं होतं: एक झटका मार, थांब, परत मार. झटका असा की डुकरानं किंचाळून मागं उडावं, पण मरू नये. त्यातही एक अक्कल भरली होती. कुणी तारेला अडकून राहिलं तर गोमेनं ते ओळखायचं, झटके बंद करायचे आन ट्रकचा हॉर्न वाजवायचा.

स्वतःच्या शेतात तार लावल्यावर त्यानं पहिला झटका स्वतः खाल्ला, दुसरा बकऱ्याला दिला, तिसरा दिपकला. दिपक बांधावरून खाली पडला. "भीमसिंगकाका, मेलो ना मी!"

"बोलून राहिला न? मंग न्हाई मेला."

त्या हंगामात भीमसिंगच्या शेतात डुक्कर शिरलं न्हाई. शेजारी शिवशंकरचं निम्मं रान मात्र उद्ध्वस्त झालं. शिवशंकर म्हणजे सावळीतला मोठ्या जमिनीचा माणूस, तोंडानं फटकळ, हसरा. तो स्वतः चालत तांड्यावर आला.

"भीमसिंग, माज्याकडंबी बसव तुझी गोम."

"बसवतो, शिवाभाऊ. पण तिला हात लावायचा न्हाई. कुणीच."

"न्हाई लावत. फक्त झटका जरा खणखणीत ठिव गड्या. डुक्कर जागेवर आडवं झालं तर रस्सा तरी व्हईल."

"तसला झटका पायजे तर डायरेक्ट सोड. मला काहून बोलावलं?"

शिवशंकर हसला. भीमसिंग हसला न्हाई, आन ते बोलणं त्यानं मनात ठेवलं.

शिवशंकरच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या छपरीत, एक बल्ब होता. आपल्याकडं शेतातला बल्ब कसा पेटतो हे शहरातल्या माणसाला सांगून पटत न्हाई. एक वायर लाईनीवरून येते. दुसरी जमिनीतून. लोखंडी सळई जमिनीत ठोकायची, खड्ड्यात मीठ-कोळसा भरायचा, बल्बची दुसरी वायर तिला बांधायची. सळई ओली असली की बल्ब लख्ख. सळई कोरडी पडली की बल्ब लाल, बिडीच्या टोकासारखा. मग कुणीतरी घागरभर पाणी सळईच्या बुडात ओतायचं आन उजेड वाढताना पाहायचा. शिवशंकरच्या आखाड्यावर हे काम मीराबाईचं होतं. रोज संध्याकाळी ती तुळशीला घालावं तसं सळईला पाणी घालायची. बल्बचं बटन मात्र कुणी कधी बंद करत नव्हतं. बटन चालू ठेवलं म्हणजे लाईट कधी आली ते कळतं.

झटका मशिनीलाही जमिनीत सळई लागते. भीमसिंगनं नवी सळई आणली होती. पण आखाड्यापाशी हातभर खाली काळा पाषाण. घण मारून मारून सळईचं डोकं फुलासारखं उलगडलं, सळई काही खाली जाईना. मांडीची जुनी जखम ठणकत होती. तो घामाघूम झाला आन वैतागला. बल्बची सळई शेजारीच होती, खोल गेलेली, थंडगार.

"हिलाच बांध की भिया," मीराबाई म्हणाली. "मी रोज पाणी पाजतेच. तुजी गोमबी पिईल."

भीमसिंगनं मशिनीची वायर त्याच सळईला आवळली. जमीन ती जमीन. त्याच्या स्वतःच्या शेतात बल्ब नव्हता, त्यामुळं एका सळईला दोघं बांधले तर काय होतं, हे त्याला कधी बघायला मिळालंच नव्हतं.

वर्षभर सगळं बराबर चाललं. हॉर्न दोनदा वाजला. एकदा कोल्हं अडकलं होतं, एकदा शिवशंकरचा मेव्हणा. मेव्हणा पुन्हा त्या रानात लोटा घेऊन बसला न्हाई.

पुढल्या साली भादव्यात पावसानं ओढ दिली. शेंगा भरायच्या ऐन दिवसांत जमीन तडकली. त्याच दिवसांत मीराबाई पुतणीच्या पोराच्या बारशाला दुसऱ्या तांड्यावर गेली आन रमली. आखाड्यावर सळईला पाणी कुणी घातलं न्हाई. शिवशंकरला ते कामच वाटत नव्हतं. बल्ब मंद झाला तर झाला.

मीराबाई परतली ती सकाळी. घरी न जाता सरळ शेतात आली, म्हशीला गवत कापावं म्हणून. गवत तारेखाली वाढलेलं. तिनं तार चुकवून विळा घातला, पण ओढलेली पाठ वाकता वाकता लचकली आन डावा हात तारेवर पडला.

सावळीचा माणूस पळत फाट्यावर आला तेव्हा भीमसिंग एका ट्रकाखाली होता. नुसते पाय बाहेर. "बाई तारेला चिकटली," एवढंच ऐकून तो बाहेर आला. येताना कपाळ चासीवर आपटून फुटलं, ते त्याला कळलं न्हाई.

मीराबाईला धुऱ्यावर निजवलं होतं. बारशाचं नवं लुगडं अंगावर. डाव्या तळव्यावर तारेचा काळा वळ हाडापर्यंत गेलेला. करपलेल्या कातड्याचा वास येऊन राहिला होता. भीमसिंगनं तो तळवा हातात घेतला, पाहिला, ठेवला. मग विचारलं, "काय झालं ते सांग."

शिवशंकरनं लांबच्या डीपीकडं, ट्रान्सफॉर्मरकडं हात केला. "हॉर्न वाजून राहिला होता. म्हणून म्या पळत आलो. मशीन गप झाली होती, झटके बंद. पण बाई सुटंना. म्या डीपीवर पळालो, फ्यूज उपसले, तवा पडली."

"मशीन गप होती."

"व्हय. आईशप्पत."

"आन डीपीचे फ्यूज काढल्यावर सुटली."

"व्हय."

भीमसिंगच्या डोक्यात गणित एका दमात सुटलं. त्याची मशीन बॅटरीवर चालते. हॉर्न वाजला म्हणजे गोमेनं झटके बंद केले. डीपी बंद केल्यावर बाई सुटली म्हणजे तारेत लाईनीचा करंट होता. लाईनीचा करंट तारेत आपसूक येत न्हाई. कुणाला तरी रस्सा खायचा होता.

"डायरेक्ट सोडला तू," तो म्हणाला.

"न्हाई भीमसिंग, म्या हातसुदीक..."

पुढचा शब्द शिवशंकरच्या दातांसोबत बाहेर आला. भीमसिंगनं त्याला छपरीच्या खांबावर आपटलं, खांब मोडला. खाली पाडून छातीवर बसला आन मारत राहिला. उजवा हात दमला की डावा. नाक फुटलं. एक डोळा मिटला. शिवशंकरच्या माणसांनी पाठीत काठ्या घातल्या, एकीनं भीमसिंगच्या खांद्याचं हाड वाजलं, पण तो उठला न्हाई. तांड्यावरची पोरं धावत आली आन मग कोण कुणाला मारतंय याचा हिशेब राहिला न्हाई. सोयाबीन तुडवून चोथा झाला. डुकरांनीही इतकं केलं नव्हतं.

पोलीस आले तेव्हा दोन्हीकडची डोकी फुटलेली होती. पंचनामा झाला. तारेवर डायरेक्टचा जोड सापडला न्हाई. अपघात म्हणून लिहून घेतलं, लाईनमननं फ्यूज परत घातले, सगळे गेले. मीराबाईला माती दिली. आन त्याच दिवशी तांड्यावरच्या तरण्या पोरांनी कुऱ्हाडींना धार लावली.

तांड्याचा नायक रतनसिंग म्हातारा होता, पण नसाब बसवायचा अधिकार त्याचाच. नसाब म्हणजे तांड्याची पंचायत. सेवाभायाच्या, तांड्याच्या संताच्या, पांढऱ्या झेंड्याखाली सगळे बसले.

"आज शिवशंकरला तोडतो," भीमसिंग म्हणाला. "मंग मला फाशी द्या, न्हाईतर काय बी करा."

"तोडशील," नायक म्हणाला. "तुला तेवढंच येतं. पण तो म्हणतो म्या हात लावला न्हाई. कशावरून खोटा?"

"माजी मशीन माणूस मारत न्हाई."

"हे कोण म्हणतं?"

"मी म्हणतो!"

"तू म्हणतू. बकऱ्याचा मालक म्हणतो माझं बकरं कुणाचं पीक खात न्हाई." नायकानं बिडी विझवली. "आपल्यात कुणाचा बैल शिंग मारतो असं म्हणलं, तर बैलाच्या मालकानं त्याच्या तोंडापुढं उभं राहून दाखवायचं. हीच रीत. ज्याची मशीन त्यानं तार धरावी. जशी हाय तशी, लाईट असताना. सुखरूप सुटलास तर शिवशंकर खुनी. मंग तुमच्या कुऱ्हाडी आडवणारा मी कोण?"

"अन न्हाई सुटलो तर?"

"तर मंग प्रश्नच मिटला."

त्या रात्री दोन्हीकडची माणसं आखाड्यावर राखणीला बसली, कुणी मशिनीला हात लावू नये म्हणून. पाणी पाजायला आता कुणीच नव्हतं.

सकाळी सगळे जमले. कुरणतांडा एका अंगाला, सावळी दुसऱ्या. शिवशंकर आला होता. तोंड सुजून भोपळ्याएवढं, एक डोळा बंद. त्याला पळून जा म्हणून घरच्यांनी हात जोडले होते.

"पळून गेलो असतो तर खुनी झालो असतो," तो फुटक्या ओठांनी म्हणाला.

"आताबी व्हशीलच," भीमसिंग म्हणाला.

त्यानं डबा खोलला. त्याचं स्वतःचं लाखेचं सील जसंच्या तसं होतं. बॅटरी भरलेली. तार पुढून मागून फिरून पाहिली. कुठं जोड न्हाई, कुठं खरचटलेलं न्हाई. काढून टाकला असंल चोरानं. सळईकडं त्यानं पाहिलंसुद्धा न्हाई. जमिनीत काय पाहायचं?

बल्बचं बटन चालू होतं. लाईट अजून यायची होती.

"लाईट येऊ दे," नायक म्हणाला.

"आली काय न आली काय. मशिनीचं खाणं बॅटरीचं हाय." भीमसिंगनं चप्पल काढली, तडकलेल्या जमिनीवर अनवाणी उभा राहिला आन उजव्या मुठीत तार धरली.

पहिला झटका बसला तसा त्याचा खांदा, मोडलेला, उडाला. बायका ओरडल्या. त्यानं दात खाल्ले. दुसरा. तिसरा. प्रत्येक झटक्याला मानेची शीर दोरीसारखी उठत होती, पण मूठ त्याच्याच हुकमाची होती. मग गोमेनं ओळखलं की कुणीतरी अडकलंय. झटके थांबले आन ट्रकचा हॉर्न सगळ्या शिवारात घुमला.

"बघा!" भीमसिंग हॉर्नच्या वर ओरडला. "झाली न बंद? आता तारेत काय हाय? काय बी न्हाई! मंग माजी बाई कशानं मेली? बोल शिवशंकऱ्या, कशानं..."

तांड्यावरची पोरं उठली. कुऱ्हाडी वर झाल्या. शिवशंकर जागचा हलला न्हाई. भीमसिंगनं तार सोडली नव्हती, सगळ्यांनी पोटभर पाहावं म्हणून.

तेवढ्यात खालच्या शिवारात कुणाची तरी मोटर घुरघुरली. लाईट आली.

भीमसिंगचं तोंड उघडं होतं ते उघडंच राहिलं. हातातून काहीतरी वर चढलं, झटक्यासारखं तुटक न्हाई, सलग, दाढेत शिरावं तसं. मूठ त्याची राहिली न्हाई. बोटं तारेभोवती आपली आपण आवळत चालली. त्याचे डोळे छपरीकडं वळलेले होते आन छपरीत बल्ब पेटला होता. लख्ख न्हाई. लाल. बिडीच्या टोकासारखा.

आन त्याला सगळं कळलं. लाईन बल्बात येते. बल्बातून सळईत. सळई कोरडी, जमीन तिला पिऊन टाकत न्हाई. मग करंट माघारी फिरतो आन त्याच सळईला त्यानं स्वतःच्या हातानं आवळलेल्या वायरीनं मशिनीत शिरतो, कॉईलीतून तारेत येतो, तारेतून मीराबाईत. गोमेला विचारायचं कामच न्हाई. ती गप बसली तरी, हॉर्न वाजवत बसली तरी.

त्याला ओरडायचं होतं, 'सळई, सळई.' तोंडातून नुसता फेस आला.

"हा सोंग करून राहिला का मरून राहिला?" कुणीतरी विचारलं. तांड्यावरच्या एका पोरानं धावत येऊन त्याला कवळ घातली आन किंचाळून मागं फेकला गेला. मग कुणी जवळ जाईना. डीपी लांब. हॉर्न वाजतोय, करपल्याचा वास येतोय आन भीमसिंग उभ्या उभ्या काळानिळा पडतोय.

शिवशंकर मोडलेल्या खांबापाशी होता. बाभळीचा वाळलेला दांडा त्यानं दोन्ही हातांनी उचलला, एका डोळ्यानं नेम धरला आन भीमसिंगच्या मनगटावर घातला. हाड वाजलं ते हॉर्नमधूनही ऐकू आलं. मूठ सुटली न्हाई. त्यानं परत घातला. भीमसिंग पडला तो तारेपासून लांब. त्या दुसऱ्या घावात वाचवणं किती होतं आन मागचं देणं किती, हे शिवशंकरनं पुढं कधी सांगितलं न्हाई, भीमसिंगनं विचारलं न्हाई.

भीमसिंग बराच वेळ मातीत तोंड घालून पडला होता. श्वास आला तसा त्यानं डावा हात उचलून सळईकडं दाखवला. "पाणी... घाल."

शिवशंकरनंच घागर उचलली. सळईच्या बुडात ओतली. भेगांनी पाणी गटागटा पिलं. बल्बचा लाल उजेड पिवळा झाला, मग पांढरा, मग डोळ्यांना बघवेना इतका लख्ख. सगळे तिकडंच पाहत राहिले. काय झालं ते निम्म्यांना कळलं न्हाई. रतनसिंग नायकाला कळलं. तो खाली बसला.

"म्या मारली," भीमसिंग म्हणाला. "कुऱ्हाडी खाली ठिवा."

नांदेडच्या दवाखान्यात हात जोडला, पण तळव्याचं मांस गेलं होतं आन दोन बोटं वाकडी ती वाकडीच राहिली. तांड्यानं त्याला दंड केला न्हाई. दंड कुणाला भरायचा? मेलेल्याच्या घराला भरायचा, तर मेलेली त्याचीच बहीण होती.

एक दिवस रूपाबाई चुलीपाशी म्हणाली, "बाईच्या हातचं पाणी होतं तवरच तुजी गोम शहाणी होती." भीमसिंगनं हात उचलला. रूपाबाई सरकली न्हाई. हात वर गेला, पण मूठ वळली न्हाई. बोटं गाईच्या आचळासारखी लोंबत राहिली. त्यानं हात खाली घेतला आन बाहेर आला.

अंगणात शिवशंकरच्या आखाड्यावरून आणलेला गोमेचा डबा पडला होता. तो फोडायला त्यानं दगड उचलला. डाव्या हातानं उचलला, डोक्यावर नेला. मग थांबला. मशीन फोडून माणसं थोडीच सुधारणार होती? दुसरा कुणीतरी करणार, पाषाण लागला की तोही बल्बच्या सळईला बांधणार. बांधणारच. म्याच बांधली.

तो दिपककडं गेला. "मी सांगतो, तू बडव," म्हणाला. "माजी बोटं गेली."

"काय सांगायचं गोमेला, काका?"

"सळईवर बी लक्ष ठिव म्हणावं. आजपत्तर ती तारंकडंच बघत होती. सळईत करंट दिसला की तार तोडून टाक, आन हॉर्न वाजव. थांबू नको."

आधी त्यानं स्वतःच्या शेतातली मशीन बदलली. मग दिवाळीनंतर तो शिवशंकरच्या आखाड्यावर गेला, खांद्यावर घण आन नवी सळई घेऊन. शिवशंकरचा डोळा उघडला होता, पण नाक कायमचं एका बाजूला झोपलं होतं.

"काय करून राहिला?" शिवशंकरनं विचारलं.

"येगळी सळई ठोकतो. लांब. बल्बला शिवू न देता."

"पाषाण हाय."

"ठाऊक हाय. तवाबी होता."

एका वाकड्या हातानं सळई धरायची आन दुसऱ्यानं घण मारायचा, हे जमेना. घण निसटला, पायाच्या अंगठ्याशेजारी पडला. शिवशंकर गुडघ्यावर बसला आन सळई दोन्ही मुठींत धरली. त्याचं डोकं घणापासून हातभर अंतरावर होतं.

भीमसिंग म्हणाला, "सरक जरा. माजा हात भरवशाचा न्हाई."

"मंग सळई कोण धरतं? मार."

"चुकला तर टाळकं फुटंल."

"फुटू दे. माजे दात तू आधीच पाडले, आता काय ठिवलंय? मार म्हणतो न, लेका!"

भीमसिंगनं वाकडी बोटं डाव्या हातानं दांड्याभोवती एकेक करून दाबून बसवली. घण डोक्यावर नेला. खाली शिवशंकरनं डोळे मिटले न्हाईत, वर पाहत राहिला. घण उतरला, सळईच्या डोक्यावर बसला, ठिणगी उडाली आन पाषाणात कुठंतरी खोल काहीतरी तडकलं.